कुणी विचारलंच नव्हतं

श्रोतेहो, नमस्कार.

1998 साली सोलापुरातल्या आमच्या भद्रावती पेठेतल्या घरी माझ्या मस्कतच्या व्हिसाचा कागद आला, तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले. मी मात्र मागावरच होतो. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. त्यांनी माग बंद केला, माझ्या हातातला धोटा काढून घेतला आणि म्हणाले, "आता हे पुरे. इथं काय ठेवलंय?"

हे वाक्य मी त्याआधी वर्षभर ऐकत होतो. मामा म्हणायचा, आत्या म्हणायची, कांड्या भरायला येणाऱ्या बायकाही म्हणायच्या. गिरण्या बंद पडत चालल्या होत्या. दिवाणजींकडे उचल मागायला जाताना नायनांची मान खाली असायची. नळाला पाणी चार-चार दिवसांआड. त्यांचं म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पोराच्या फुप्फुसात सुताची धूळ जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. पण तुला जायचंय का, हे कुणीच विचारलं नाही. आणि "इथं काही नाही" हे इतक्यांदा कानावर पडलं, की पुढे कित्येक वर्षं मी मस्कतमध्ये 'पुण्याजवळचा' असं सांगत राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

आमच्या घराला गाव सोडणं नवं नव्हतं. आजोबा दुष्काळात तेलंगणातून चालत आले ते सोलापुरात, हातमागाच्या ओढीने. त्यांच्यासारखी हजारो पद्मशाली विणकर कुटुंबं आली आणि शहराचा पूर्व भाग उभा राहिला. म्हणून तर आमच्या अव्वा, म्हणजे आजी, तेलुगूत रागवायच्या, शेजारी कानडीत बोलायचा, शाळेत मराठी आणि बाजारात उर्दू. मला वाटायचं, सगळ्या गावांत असंच असतं.

मस्कतमध्ये पहिल्या महिन्यात खोलीतले सोबती मला सारखे विचारायचे, "भांडतोयस का?" मी साधंच बोलत असायचो. माग चालू असताना शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावंच लागतं, आणि आमच्या घरात माग आणि चूल यांच्यामध्ये एक भिंत होती फक्त. तो आवाज माझ्या गळ्यात बसला होता. रविवारी नायना फोनवर ओरडून बोलायचे, मीही ओरडायचो, आणि रांगेतली माणसं मागे सरकायची. ते पाच मिनिटं मी सोलापुरात असायचो. आईने पाठवलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी महिनाभर टिकायची. मी ती दीड महिना पुरवायचो.

आणि गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा. जानेवारीत संक्रांत आली की माझं कामात लक्ष लागायचं नाही. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, उंच नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. तिथे आधी सम्मती वाचली जाते, मग अक्षता पडतात. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणत हजारो हात वर जातात. लहानपणी नायना मला खांद्यावर घ्यायचे. बावीस वर्षांत तो सोहळा मला दोनदाच मिळाला.

नायना गेले तेव्हा मला यायला चार दिवस लागले. त्याबद्दल जास्त बोलवत नाही.

मी 2020 साली परत आलो. आता बहिणीच्या मुलाला जर्मनीत नोकरीची संधी आली आहे. घरात पुन्हा तेच वाक्य सुरू झालंय, आणि त्याला समजवायचं काम माझ्यावर टाकलंय. बहीण भैया चौकातल्या स्मारकाकडे बोट दाखवते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेलेच ना? गेले. जखमींची सेवा करायला, स्वतःहून गेले. म्हणून तर आपण त्यांचं नाव इतक्या अभिमानाने घेतो.

यंदा गड्ड्याला मी भाच्याला घेऊन गेलो. गर्दीत उभं राहून त्याने विचारलं, "मामा, तुम्हाला जायचं होतं?"

त्याच्या वयाचा असताना हा प्रश्न मला हवा होता. मी नाही म्हणालो. मग त्याला विचारलं, "तुला?"

तो अजून विचार करतोय. दोन आठवडे झाले. घरात सगळ्यांना मी सांगून ठेवलंय, त्याचं उत्तर येईपर्यंत जर्मनीचा विषय कुणी काढायचा नाही.

नमस्कार.