‘जातील’ म्हणजे कधी?

नमस्कार श्रोतेहो. घरातला कर्ता माणूस गेला, तरी विजेचं बिल कितीतरी दिवस त्याच्याच नावानं येतं. दिवे चालूच राहतात. अडतं कधी? घर विकायला काढलं की. आज मी एका अख्ख्या शहराच्या अशाच कागदांबद्दल बोलणार आहे. शहर आहे हाँगकाँग.

१ जुलै १९९७. रात्री बाराला ब्रिटिश अंमल संपला, चीनचा सुरू झाला. कायदे मात्र जुनेच, सहाशेच्या वर. पानोपानी राणी, राजसत्ता, गव्हर्नर. चीनच्या संसदेच्या स्थायी समितीनं फेब्रुवारीतच ठरवून टाकलं होतं : चौदा कायदे पूर्ण बाद, दहांचा काही भाग बाद, बाकी चालू. जुने शब्द नव्या अर्थानं वाचायचे. गव्हर्नर म्हणजे आता मुख्य कार्यकारी, हाँगकाँग सरकारचा नवा प्रमुख. पुस्तकांतले शब्द खोडायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. लक्षात ठेवा, अर्थ आधी बदलला, शब्द नंतर.

आणि सत्ता बदलायच्या आधीच हाँगकाँग सरकारनं जुने इंग्रजी कायदे चिनी भाषेत आणून ठेवले होते! मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे शेतजमिनीच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल इंग्रजीत येतो, आणि ज्याची जमीन तो वकिलाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. त्याची जमीन राहिली की गेली, हे त्याला मराठीत वाचता आलंच पाहिजे. असो.

आता ती गोष्ट. सत्ता बदलली तेव्हा हाँगकाँगात तिघांवर खटला उभा होता. आरोप, न्यायदानात अडथळा आणण्याचा कट. हा गुन्हा कुठल्या अधिनियमात लिहिलेला नव्हता, इंग्रजी न्यायाधीशांच्या निकालांतून घडत आलेल्या कॉमन लॉमधला होता. जुलै उजाडला आणि बचावाच्या वकिलांनी हाँगकाँगचा नवा मूलभूत कायदा, म्हणजे तिथली जणू राज्यघटनाच, उघडला. कलम १६०. त्यात काय लिहिलंय? जुने कायदे ‘स्वीकारले जातील’. जातील! मग ते स्वीकारले कुणी? कोणत्या दिवशी? कुणी स्वीकारलेच नसतील, तर कॉमन लॉ ३० जूनच्या रात्रीच संपला. कायदा नाही, तर गुन्हा कसला?

श्रोतेहो, नीट विचार करा. हे म्हणणं मान्य झालं असतं, तर प्रश्न त्या तिघांपुरता राहिला नसता. भाडेकरार, कर्जाचे करार, अपघाताची भरपाई, सगळ्यांच्या मुळाशी तोच कॉमन लॉ. लाखो लोकांचे व्यवहार एका ‘जातील’वर टांगलेले.

प्रश्न अपील न्यायालयात गेला. २९ जुलैला निकाल आला. न्यायालयानं सांगितलं, हे ‘जातील’ भविष्यकाळाचं नाही, आज्ञेचं आहे. १ जुलैला जुने कायदे आपोआप लागू झाले, मध्ये क्षणाचीही पोकळी नाही. पुन्हा सांगतो, क्षणाचीही नाही. सत्तांतराआधी ज्यांनी मूलभूत कायद्याचा मसुदा लिहिला, त्यांची सारी धडपड एवढ्याचसाठी होती.

आपल्या राज्यघटनेनं ‘स्वीकारले जातील’ असं म्हटलंच नाही. कलम ३७२ म्हणतं, आधीचे कायदे ‘अंमलात राहतील’, सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत. त्याच आधारावर १८६० ची दंडसंहिता ३० जून २०२४ च्या मध्यरात्रीपर्यंत चालली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले आजही तिच्याच कलमांखाली चालतात.