एचपी आहे, पण किती तासांचा?

(दृश्य: दूधगंगेचा काठ, पहाट. उसाच्या फडाकडेला पंपाचं इंजिन.)

डग्-डग्-डग्. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला हा आवाज अंगाईसारखा. लाईट गेली की अजूनही कुठेकुठे हे जुनं किर्लोस्कर जागं होतं. एक सिलिंडर, 553 सीसी, 1500 आरपीएमला 5 एचपी. हँडल मारायचं, धुराचा लोट सोडला की गोणपाट झाकायचं आणि वाफ्याकडे बघायला जायचं. रात्रभर चाललं तरी तक्रार नाही. हिशेब केला तर लिटरमागे साधारण 9 एचपी.

हे 9 लक्षात ठेवा. पुढे बोटीच्या इंजिनापाशी लागणार आहे.

(दृश्य: बेळगाव, उद्यमबाग. शेडमध्ये स्टँडवर चढवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन.)

बेळगावला समुद्र नाही. तरीही चोर्ला घाट चढून गोव्याकडचं एखादं बोटीचं इंजिन टेम्पोतून इथं येतं, कारण बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. 1910 मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला, पण लोखंडाची खोड गावाला लागली ती लागलीच. आज इथल्या फौंड्र्यांत इंजिनांची कास्टिंगं ओतली जातात.

या शेडचे मिस्त्री साठीच्या घरातले. बोलणं कमी. आलेल्या इंजिनाचा एक पिस्टन उचलून ते कॅमेऱ्यासमोर धरतात.

(दृश्य: जवळून, पिस्टनचा माथा.)

काठ बघा. मेणबत्ती कलल्यासारखा एका बाजूनं ओघळलाय. वरच्या रिंगेची खाच बुजून गेलीय. ॲल्युमिनियम असं पाघळतं म्हणजे आत काय उष्णता झाली असेल!

"कंपनीचं नाव नको," मिस्त्री म्हणतात. "इंजिनाची चूक नाही. निवडणाऱ्याची आहे."

मालकानं काय बघितलं होतं? पाटीवरचा आकडा. 370 एचपी.

आता ते 9 आठवा. टाटाच्या ट्रकमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन आपण वर्षानुवर्षं बघितलंय, 180 एचपीचं. लिटरमागे 30. त्याच 5.9 लिटरच्या घराण्यातलं बोटीचं इंजिन 370 एचपी देतं. कॉमनरेल, म्हणजे एकाच नळीतून जबर दाबानं डिझेल फवारायची पद्धत, आल्यावर त्याच मापातून 480 काढले गेले. लिटरमागे 81! पंपाच्या नऊपट.

ही ताकद येते कुठून? जादू नाही. टर्बो जास्त हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, म्हणून आफ्टरकूलर ती थंड करतो, आणि बोटीत त्यासाठी अख्खा समुद्र फुकट मिळतो. थंड हवा दाट, दाट हवेत डिझेल जास्त जळतं. त्यात आरपीएम वाढवले. झालं. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंगा त्याच मापाच्या. त्यांच्यावर ट्रकच्या दुप्पट-अडीचपट काम पडतं, आणि मग प्रश्न उरतो तो एकच: किती वेळ?

बोटीच्या इंजिनांना म्हणूनच रेटिंग असतं, आणि गिऱ्हाईक नेमकं ते पान उलटत नाही. व्होल्वो पेंटाची पद्धत बघा. एक नंबरचं रेटिंग म्हणजे दिवसरात्र, कितीही तास. पाच नंबरचं म्हणजे हौशी बोट: वर्षाला 300 तासांच्या आत, आणि पूर्ण ताकद बारा तासांत एकच तास. लोखंड तेच, पण पाचवरचा एचपी मोठा आणि एकवरचा लहान. आपल्या मालकाची बोट पर्यटक घेऊन सीझनभर दिवसाला सात-आठ फेऱ्या मारायची. म्हणजे 300 तास दोन महिन्यांतच संपले. त्यानं हौसेचा एचपी घेतला आणि रोजगाराला जुंपला.

तरी पिस्टन वितळला तो यामुळे नाही. त्याचं कारण पाण्याखाली होतं.

(दृश्य: कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेला बोटीचा चार पात्यांचा पितळी पंखा, म्हणजे प्रोपेलर. बॉसवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, पंचनं ठोकलेला आकडा: 24.)

24 इंच पिच. म्हणजे लोण्यात स्क्रू फिरावा तसा एका फेऱ्यात हा पंखा 24 इंच पुढे जाईल. इंजिन 3000 आरपीएम, गिअरबॉक्स दोनास एक, म्हणजे पंखा 1500. मिनिटाला 3000 फूट, म्हणजे साडेएकोणतीस नॉट. पाणी काही लोणी नव्हे, पंधरा टक्के घसरण धरा. उरले 25 नॉट, ताशी सेहेचाळीस किलोमीटर. कागदावर झकास.

प्रत्यक्षात इंजिन 2700 च्या वर जायचंच नाही. मालक म्हणायचा, बरंच आहे की, इंजिन आरामात चाललंय.

मिस्त्री हसतात. "आराम कसला! जू मानेवर घेऊन चढ चढायलंय ते."

पंप चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. पंपाचा स्पीड थोडा वाढवला की लोड किती उडी मारतो? पंख्याचंही तसंच, घनाच्या हिशेबानं. पंखा बरोबर असेल तर 2400 आरपीएमला पूर्ण ताकदीच्या निम्मीच लागते. 2700 ला त्र्याहत्तर टक्के. म्हणून बोट 2400 ते 2700 च्या दरम्यान पळवली तर इंजिनाला श्वास घ्यायला जागा राहते. पण पंखा जड असेल तर 2700 लाच इंजिनाचा पूर्ण दम जातो. लिव्हर पूर्ण पुढे, आरपीएम सांभाळणारा गव्हर्नर 3000 मागतोय, डिझेलचा पंप ओततोय तेवढं डिझेल, आणि टर्बोकडे तेवढी हवा नाही. काळा धूर निघतो. बोटीच्या मागच्या फळीवर काजळी धरते. मालक ती पुसून पुन्हा निघतो.

पूर्ण वजन भरून इंजिन पाटीवरच्या आरपीएमला पोचलंच पाहिजे, थोडं वर गेलं तर उत्तम. नवीन बोट घेताना हे एवढं बघितलं तरी निम्मी दुखणी टळतात, असं माझं मत. डेमोला रिकाम्या बोटीत एकटे बसू नका. घरचे सगळे घ्या, टाकी भरा.

दुसरी एक खोच आहे. वेगाची बोट पाणी कापत नाही, पाण्यावर चढते. चढायच्या आधी नाक वर करून ती रेंगाळते, आणि नेमक्या त्या वेळी कमी आरपीएमवर टर्बो झोपलेला असतो. 5.9 लिटरचे 400 आणि 9 लिटरचे 400 यांतला फरक तिथं दिसतो, पाटीवर नाही. काही इंजिनांवर म्हणूनच टर्बोच्या जोडीला पट्ट्यावर चालणारा काँप्रेसर बसवतात, खालचा धक्का देण्यासाठी.

मग पेट्रोल काय वाईट? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. डिझेलला ते भय कमी, आणि लांबच्या पल्ल्याला तेलही कमी लागतं. पण वजन! 300 एचपीची डिझेल आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगायची, कॉक्स कंपनीनं काढली, 393 किलोची. तेवढ्याच ताकदीची पेट्रोलवाली शंभराहून जास्त किलोनं हलकी. 2019 च्या पुरात कृष्णाकाठी चिकोडी, अथणी, रायबागकडे रबरी बोटी फिरत होत्या. चार जणांनी उचलून बांधावरून पलीकडे न्यायच्या त्या बोटी. त्यांना असलं धूड लावून चालणार नाही.

(दृश्य: मिस्त्रींच्या तळहातावर काळा रबरी इंपेलर. दोन पाती तुटलेली.)

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा हा जीव. कोरडा फिरला तर मिनिटभरातच जळायला लागतो. नवा बसवून भागत नाही, तुटलेली पाती शोधावी लागतात. मिस्त्री हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत बॅटरी मारतात. एक तुकडा मिळाला. दुसरा अजून नाही.

तेवढ्यात मालकाचा फोन. त्याला आता 480 चं इंजिन हवंय. "370 कमीच पडायलंय, मिस्त्री."

"बोट किती टनाची?"

"कागदावर पाच आहे."

"कागद ठेवा. ट्रेलरसकट काट्यावर घाला. रिकामा ट्रेलर वेगळा."

उसाचा ट्रॅक्टर जसा भरला आणि रिकामा तोलतात, तसं. मधल्या काळात बोटीवर कायमचं छत चढलं, जनरेटर आला, सोफे आले, बर्फाची पेटी आली. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर काट्याच्या पावतीचा फोटो आला. ट्रेलर वजा जाता सहा टन चारशे.

मिस्त्रींनी पावतीकडे बघितलं, कानामागची पेन्सिल काढली आणि पंख्याच्या बॉसवर 24 खोडून 22 लिहिलं. इंचामागे शे-दीडशे आरपीएम सुटतील. वेग कागदावरच्यापेक्षा दोन-तीन नॉटनी कमीच राहील, हे त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं. मालक बराच वेळ काही बोलला नाही.

(दृश्य: संध्याकाळ. पोत्यात गुंडाळलेला पंखा टेम्पोत चढतोय. आत शेडमध्ये बॅटरीचा उजेड अजून नळ्यांवर फिरतोय.)