काळी एकचा तबला

(दृश्य : गिरगावातल्या एका शाळेचा हॉल. संध्याकाळचे साडेसात. बाक भिंतीला लावलेले. बाहेर पाऊस.)

ऑफिस सुटलं, लोकल पकडली, चर्नी रोडला उतरून एक वडापाव पोटात ढकलला, की तालमीला हजर. हौशी संगीत नाटकाची तालीम मुंबईत साधारण अशीच सुरू होते आणि विरार-डोंबिवलीच्या गाडीच्या वेळेवर संपते. म्हणून लांब राहणाऱ्यांची पदं आधी लागतात. संहितेत प्रवेशांचा क्रम काहीही असो, तालमीतला क्रम रेल्वेच ठरवते.

नाटक आहे ‘संगीत सौभद्र’. अण्णासाहेब किर्लोस्करांचं, १८८२ सालचं, पाच अंकी. त्या काळी प्रेक्षक रात्रभर बसायचे. आज नाट्यगृहाचं एक सत्र मिळतं. त्यात सेट लावायचा, काढायचा, आणि पुढच्या मंडळींच्या हाती रंगमंच वेळेत द्यायचा. प्रयोगाच्या वाट्याला येतात अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं. २० पदं ठेवली आणि प्रत्येकाला ४ मिनिटं धरली, तर ८० मिनिटं गाण्यातच गेली. मध्यंतराची १५ वजा केली, की अर्जुन-सुभद्रेचं लग्न जुळवण्याच्या कृष्णाच्या सगळ्या कारस्थानाला उरली ५५.

कात्री लावावीच लागते. नवखा दिग्दर्शक ती साकी-दिंडीला, म्हणजे छोट्या पदांना लावतो, कारण टाळ्या तिथे पडत नाहीत. पण अर्ध्या मिनिटाची साकी गोष्ट पुढे नेते. ती गेली, की पुढच्या प्रवेशात कोण कुठून आलं हेच कळत नाही आणि मग तिथे दोन वाक्यं नव्यानं लिहावी लागतात. ती किर्लोस्करांच्या भाषेत बसत नाहीत, कानाला लगेच टोचतात. त्यापेक्षा मोठ्या पदातला एक अंतरा सोडावा, नाहीतर आलापी आवरावी. गाणाऱ्याला राग येतो. येऊ द्यावा.

(दृश्य : ऑर्गनच्या पट्ट्या. बाजूला दोन तबले, एक लहान तोंडाचा, एक मोठ्या.)

आता खरी अडचण. अर्जुन गातो काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी त्याचा सा. सुभद्रा गाते काळी चारमध्ये. एकाच प्रवेशात दोघांची पदं पाठोपाठ आली, की षड्ज, म्हणजे सा, बदलतो, आणि मधे असतात जेमतेम चार वाक्यं.

किर्लोस्करांच्या मंडळीपुढे हा प्रश्न या रूपात नव्हता. त्यांची सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. स्त्रीभूमिका पुरुषच करत असल्यानं नायक-नायिकेच्या पट्ट्या एकमेकींपासून फार लांब पडत नसत. स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि अंतर वाढलं.

सुटकेची एक वाट पेटीच्या पट्ट्यांवरच दिसते. काळी चारला सा धरा आणि वर मोजत जा. तिचा शुद्ध मध्यम, म्हणजे म, येतो नेमका काळी एकवर, म्हणजे अर्जुनाच्या षड्जावर. त्यामुळे काळी एकला लावलेला एकच तबला दोघांना चालतो. त्याच्यासाठी तो षड्जात वाजतो, तिच्यासाठी मध्यमात. ऑर्गनवालाही एका पदातून दुसऱ्यात जाताना त्याच स्वरावर रेंगाळतो, आणि षड्ज सरकला हे प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही.

पण सुभद्रेचं पद यमनसारख्या रागात असेल, तर ही युक्ती उलटते. यमनात मध्यम तीव्र. तिथे तबल्याचा शुद्ध मध्यम प्रत्येक ‘ना’ला घुमत राहिला, तर गाणारी बरोबर असूनही बेसूर वाटते. भूपात तर मध्यमच नाही. अशा पदाला तबला तिच्या पंचमात हवा, म्हणजे काळी दोनला. किंवा सरळ तिच्या षड्जात, काळी चारला, आणि तो मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा. काळी एकचा तबला ठोकून ठोकून काळी दोनपर्यंत चढवणारे असतात. चढतोही. पण पुडीवर, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या कातड्यावर, ताण येतो, आणि ऐन प्रयोगात ती फाटली, तर पुढची पदं नुसत्या डग्ग्यावर काढायची का? म्हणून तबले दोन, आणि जमलं तर तिसरा गवसणीत तयार.

पावसाळ्याच्या तालमींत तबल्याचं वेगळंच दुखणं. दमट हवेत कातडं ढिलं पडतं आणि सूर उतरतो. सात वाजता लावलेला तबला आठला खाली आलेला असतो. तबल्याला वादीखाली बसवलेले आठ लाकडी गठ्ठे असतात. फरक मोठा असेल तर हातोडी गठ्ठ्यावर, केसभर असेल तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर. वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. हे कमीजास्त गजऱ्याच्या सोळाही घरांवर सारखं करावं लागतं. घाईत एकाच बाजूला ठोकलं, की चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, दोन ठिकाणी दोन सूर ऐकू येतात.

ऑर्गन मात्र असा ठोकून लागत नाही. त्याचे स्वर धातूच्या पट्ट्यांचे. जुन्या ऑर्गनची काळी एक आजच्या कीबोर्डच्या काळी एकशी जुळेलच असं नाही. थोडी वर असते, थोडी खाली असते. त्यामुळे नियम एकच : सगळ्यांनी ऑर्गनला लागायचं. तबला त्याला, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बारीक सुराचं बटण त्याला, आणि घरी मोबाइलवर रियाज करणाऱ्यांनी मोबाइलचा सूरही त्यालाच लावून घ्यायचा. नाहीतर महिनाभर घरी पक्का झालेला सूर हॉलमध्ये येऊन डगमगतो.

ज्यांना ऑर्गन परवडत नाही किंवा जिन्यावरून चढवता येत नाही, ते कीबोर्ड आणतात. त्यात एक सापळा आहे. पट्टी बदलायचं बटण एका पदासाठी दाबलं आणि परत आणायचं राहिलं, तर पुढचं पद दोन स्वर वर सुरू होतं आणि बिचारा गाणारा तार षड्जाला फुटतो. जाणकार वादक ते बटण वापरतच नाही. बोटांना सगळ्या पट्ट्या शिकवतो.

(दृश्य : ऑर्गनवाल्याची संहिता, जवळून. लाल पेन्सिलीच्या खुणा.)

ही प्रत बघा. प्रत्येक पदाच्या आधीचे शेवटचे चार शब्द लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेले. समासात चार गोष्टी : पट्टी, ताल, किती अंतरे आणि वन्स मोअर आला तर कुठून उचलायचं. त्या चार शब्दांवर ऑर्गनचा स्वर हळूच आत येतो, आणि नट शेवटचं वाक्य त्या स्वराच्या आसऱ्यानं बोलतो. बोलण्यातून गाण्यात शिरल्याचा सांधा दिसू नये, एवढीच सगळी खटपट. म्हणून संगीत नाटकात इतर कुठलंही वाक्य एखाद्या वेळी चुकलं तरी निभतं, पदाआधीचं वाक्य बदललेलं चालत नाही. ते बदललं, की वादकाला खूण मिळत नाही, नट गप्प उभा राहतो आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरचा आवाज पाचव्या रांगेत ऐकू येतो.

जमिनीवर चिकटपट्टीनं आखलेला चौकोन म्हणजे रंगमंच. इथे घोळ रुंदीचा असतो. हॉल १८ फूट, नाट्यगृहातला रंगमंच ३० फूट. सुभद्रा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनतालाच्या एका आवर्तनात पोचते. प्रयोगाच्या दिवशी तेवढ्यात ती जेमतेम मध्यभागी आलेली असते आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येऊन जाते. म्हणून अशा ठिकाणी आवर्तनं दोन धरूनच तालीम करायची. हॉलमध्ये ती भिंतीशी जाऊन उगाच उभी राहते, हसू येतं, पण मोजणी पक्की होते.

(दृश्य : कपडेपट. जटांचा टोप, भगवी छाटी, नऊवारी.)

ड्रेपरीवाल्याकडून कपडे प्रयोगाच्या आदल्या दिवशी नव्हे, रंगीत तालमीलाच आणावेत. कमरपट्टा घट्ट बसला की सुभद्रेचा दम अर्ध्यावर येतो. पूर्ण श्वास भरून घेतल्यावर दोन बोटं आत जातील, एवढा सैल ठेवायचा. नऊवारीला खिसा नसतो, तेव्हा माइकच्या डबीसाठी कापडी पिशवी शिवून ती कमरेमागे बांधायची. माइक छातीवर लावला, तर गळ्यातले दागिने त्यावर खुळखुळतात, म्हणून तो कपाळाशी, केसांच्या रेषेत.

अर्जुनाचं अवघड. तो पुढे यतिवेषात येतो, खांदा उघडा, वायर लपवायला जागा नाही. ती जटांच्या टोपातून मानेवर उतरवायची आणि त्वचेच्या रंगाच्या पट्टीनं चिकटवायची. डबीभोवती पातळ प्लास्टिक, कारण घाम आत गेला की आवाज खरखरतो. दाढी स्पिरिट गमनं लागते. गम लावून थोडा चिकट होऊ द्यायचा, मग दाढी ओल्या फडक्यानं दाबायची; ओल्या गमवर लावली तर घसरते. ओठाखाली आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत गम नको. आरशासमोर पूर्ण ‘आ’कार लावून बघायचा. ओढ बसली तर तिथली दाढी सोडवायची, कारण अशी ओढ घेऊन तान निघत नाही. आधीच्या प्रवेशातली मिशी चिकटवलेली असेल, तर ती उतरवण्यातच वेषांतराची वेळ संपते. ती पेन्सिलीनं रेखलेली बरी.

(दृश्य : नाट्यगृहाचं मागचं दार. टेम्पोतून फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या भिंतींच्या चौकटी, उतरतायत.)

प्रयोगाचा दिवस. आधीच्या मंडळींचा सेट निघाल्याशिवाय आपला आत जात नाही. टेम्पो भरताना उलटा क्रम लागतो. आधी लागणारं सामान शेवटी भरायचं. आत लागताना लेव्हल म्हणजे उंच चौथरे, मग फ्लॅट, मग झाडं-वेली. फ्लॅटला मागून ब्रेस म्हणजे तिरका टेकू आणि त्यावर वजन, नाहीतर बलराम रागानं पाय आपटतो तेव्हा द्वारकेचा राजवाडा हलतो. दिव्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही : पदाला प्रकाश स्थिर ठेवायचा आणि वन्स मोअर मिळाला तर पुढच्या बदलावर हात धरून थांबायचं.

वादकांची जागा रंगमंचासमोर, खाली. गाणाऱ्याला तबलजीचा उजवा हात दिसला पाहिजे. काही नाट्यगृहांत तिथे जागा नसते, वादकांना विंगेत बसवतात. मग गाणाऱ्याच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून एक स्पीकर लागतो, आणि तो जास्त उघडला की माइक शिट्टी मारतो. आवाजाची चाचणी वेशभूषेसह, टोपासह करावी. मोकळ्या केसांत ठीक वाजणारा माइक टोपाखाली गेला, की आवाज गुदमरतो.

एसी रिकाम्या नाट्यगृहात आधीपासून चालू ठेवायला सांगायचा आणि तबला त्यानंतरच लावायचा. कोरड्या गार हवेत कातडं ताणतं, सूर चढतो. मग प्रेक्षक येतात, पावसात भिजलेले, छत्र्यांसकट, आणि हवा पुन्हा दमट होते. त्यात दिव्यांची ऊब. पहिल्या अंकात तबला दोन-तीनदा हलतोच. प्रयोग चालू असताना हातोडी कधी मारायची, हेही तबलजीच्या प्रतीत लिहिलेलं असतं. बलरामाचा संताप सुरू झाला, की त्या आवाजाखाली ठोकून घ्यायचं. प्रेक्षकांना वाटतं, बलराम फारच तापलाय.

(दृश्य : पडद्यामागे. नटराजाची मूर्ती, नारळ, धूप.)

पहिली घंटा झाली. नारळ फुटतो. धूप गाणाऱ्यांपासून लांब फिरवायचा आणि लवकर फिरवायचा. त्या धुरानं नांदीआधी कुणाला ठसका लागला, तर तो पहिल्या अंतऱ्यापर्यंत जात नाही.

नांदी सगळे मिळून म्हणतात, काळी एकमध्ये. पुरुषांना सोयीची, बायकांना वर चढणारी, म्हणून तार सप्तकातली ओळ फक्त दोघी घेतात, बाकीच्या खाली थांबतात.

तिसरी घंटा. प्रेक्षागृहातले दिवे जातात. ऑर्गनवाला काळी एक दाबून धरतो. तबलजी चाटेवर बोट टेकवतो, कान जवळ नेतो, गजऱ्यावर वरून एकच हलका ठोका मारतो, पुन्हा ऐकतो आणि हातोडी मांडीखाली सरकवतो. पडदा अजून बंदच आहे. आतून पहिला स्वर येतो.