बशीतला चहा आणि हट्टी अणू

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या एसटी स्टँडवर पहाटेची पुण्याची गाडी लागलेली असली की कपातून चहा प्यायला सवड नसते. बशीत ओतायचा, दोन फुंकरा मारायच्या, फुर्रकन ओढायचा. कुणी गावंढळ म्हणेल, म्हणू दे. पदार्थविज्ञानातल्या एका नोबेलची वाट याच फुंकरीतून गेली आहे.

बशीतले सगळे कण सारख्या वेगानं धावत नसतात. सर्वांत चपळ असतात ते वाफ होऊन निसटतात आणि वाट्याहून जास्त ऊर्जा घेऊन जातात. मागे राहिलेले एकमेकांवर आदळत उरलेली ऊर्जा वाटून घेतात, आणि चहा निवतो. हे वाटून घेणं म्हणजेच समतोल साधणं.

१९९५ साली अमेरिकेत बोल्डरला एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियम या धातूचे अणू असेच निववले. आधी लेसरनं मंदावले, मग चुंबकाच्या अदृश्य वाटीत धरले. आणि फुंकर? ती रेडिओलहरींची! माझा आवाज तुमच्या घरी आणणाऱ्या लहरींच्याच जातीची. तापट अणू तेवढे तिनं वाटीबाहेर काढले. एका अंशाचे शंभर कोटी भाग करा. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याच्या खाली जाताच येत नाही त्या तापमानाच्या, वर त्यातले जेमतेम १७० भाग, इतकं तापमान उतरलं. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या कामावरून आइन्स्टाइननी वर्तवलेली अवस्था, जिच्यात असंख्य अणू एकच असल्यासारखे वागतात ती, प्रत्यक्ष दिसली.

मला मात्र जास्त भुरळ पडली ती २००६ च्या प्रयोगाची. पेनसिल्व्हेनियात डेव्हिड वाइस यांच्या गटानं असे थंड अणू प्रकाशाच्या नळ्यांत धरले. नळ्या इतक्या अरुंद की फक्त पुढे-मागे हलता यावं. दोन झुंडी समोरासमोर सोडल्या. हजारो टकरी झाल्या, तरी समतोल येईना!

कॅरमवर बघा. एक सोंगटी दुसरीवर नेमकी समोरून मारली, की मारलेली थबकते आणि दुसरी तिचा वेग घेऊन पळते. वेगांची नुसती अदलाबदल, वाटणी नाहीच. कडेला लागली तर दोघी दोन दिशांना फाकतात, वेग वाटला जातो. नळीत कडेला लागायची सोयच नसते.

पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं डिस्प्रोशियम या धातूचे अणू घेतले. हे अणू म्हणजे चिमुकले चुंबकच, दुरूनही एकमेकांना ओढणारे, ढकलणारे. तेव्हा कुठे अदलाबदलीचा काटेकोर हिशेब विस्कटला, आणि नळीतसुद्धा हळूहळू समतोल येऊ लागला.