तोंडी परीक्षा बंद करा

पत्रिकेत विषय छापलाय ‘डिमेन्शिया आणि व्यक्तिकेंद्री शुश्रूषा’. त्यावर बोलणारच आहे, पण आधी माझा एक जुना राग काढून घेतो. डिमेन्शिया म्हणजे स्मरण, विचार, रोजचं भान हळूहळू हिरावून नेणारा आजार, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. तुमच्यातले बरेच जण घरच्या माणसाला कुणाच्या तरी हवाली करून, घड्याळाकडे बघत इथे बसलेत.

राग आहे तो ‘ओळखलंत का मला?’ या प्रश्नावर. पाहुणा आत येतो न येतो तोच सुरू करतो, “सांगा बघू, मी कोण?” उत्तर चुकलं तर, “अहो, असं काय करता?” आणि बरोबर आलं तर, “मग माझ्या धाकट्याचं नाव काय?” म्हणजे पास झालं तरी सुटका नाहीच!

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या पुतण्यानं हेच विचारलं. सरांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, “आधी मागच्या बाकावर जाऊन बसा.” (हशा) हसा, हसा. पुतण्याही हा किस्सा रंगवून सांगतो. पुढचं मात्र तो सांगत नाही, ते मला सरांच्या सुनेकडून कळलं. पुतण्यानं फोटोंचा अल्बम काढला आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेला. हा कोण? ही कोण? बरं, हा तरी? सर आधी हसून वेळ मारून नेत होते, मग गप्प झाले. पुतण्या गेल्यावर ते जेवले नाहीत, रात्री येरझाऱ्या घालत राहिले, सुनेनं हात धरला तर झिडकारला. घरात निष्कर्ष निघाला, आजार वाढला. अहो, आजार कुठला वाढतोय! जन्मभर ज्यानं दुसऱ्यांचे पेपर तपासले, त्याला चारचौघांत नापास केलं होतं. पुतण्या येऊन गेल्याचं सर विसरले. अपमान विसरले नाहीत.

असं होतं, याला आधार आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराच्या, रुग्णांना काही दुःखद आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या. २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. काय पाहिलं ते थोड्याच वेळात त्यांच्या मनातून जवळजवळ पुसलं गेलं, पण उदासी मागे राहिली. आनंदाचंही तसंच, हे ध्यानात ठेवा. मग ‘त्यांना काय कळतंय, भेटून काय उपयोग’ असं कुठल्या तोंडानं म्हणता?

आता कुणी म्हणेल, डॉक्टरही असंच विचारतात. विचारतातच. ज्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्या डॉक्टर अलोइस अल्झायमरनी १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टला ऑगुस्ट डेटर या रुग्ण बाईंना नाव विचारलं. “ऑगुस्ट.” आडनाव? “ऑगुस्ट.” नवऱ्याचं नाव? त्यालाही “ऑगुस्ट” असंच काहीसं उत्तर आलं. पण डॉक्टरांना आजार समजून घ्यायचा होता. तुम्हाला काय करायचंय? आत आल्यावर स्वतःच सांगा, “काका, मी अमुक, तुमचा पुतण्या.” संपलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय, म्हणजे आजाराआधी माणूस बघणारी व्यक्तिकेंद्री शुश्रूषा, आता पळवतो.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९०च्या दशकात मांडलं, की डिमेन्शिया झालेल्या माणसाची अवस्था फक्त मेंदू ठरवत नाही, भोवतालची वागणूकही ठरवते. त्याच्यादेखत, तो तिथे नसल्यासारखं बोलणं, घाई करणं, हातातलं काम काढून घेणं हे भली माणसंही करतात. मग या माणसाला लागतं काय? दिलासा, जिव्हाळ्याचं माणूस, चारचौघांत जागा, हाताला काम, आपण कोण याची जाण, आणि या सगळ्याच्या मधोमध प्रेम. सरांच्या सुनेनं त्यांना वह्यांचा गठ्ठा आणि लाल पेन दिलं. दुपारभर तपासत बसतात. कुणी “घरी जायचंय” म्हणालं तर “हेच तुमचं घर” असा वाद घालू नका. घरी कोण वाट बघतंय ते विचारा, ऐका.

आणि वागणं एकाएकी बिघडलं तर आधी दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, बंद पडलेलं श्रवणयंत्र तपासा. शांत ठेवायला दिल्या जाणाऱ्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ मध्येच दिलाय. कधीकधी ती लागतात, आणि मनानं बंदही करायची नसतात. पण डॉक्टरांना विचारा, कशासाठी देताय, किती दिवस, आणि कमी कधी करायचं?