फॉरमॅट मारण्याआधी

माझ्या दुकानाच्या फोनवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य एकच : "ताई, कॉम्प्युटर फार स्लो झालाय, जरा फॉरमॅट मारून द्याल का?" आजार सांगतानाच औषधही ठरलेलं असतं : डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. एकवीस वर्षं मी हे काम करते आहे. आज इथे यायचं कारण एवढंच की, आजार आणि औषध यांच्या मधली तपासणी आपण गाळून टाकतो. ती घरच्या घरी होते. पैसे लागत नाहीत, स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

टेबलावरचा हा डबा या वाचनालयाच्या कार्यालयातला आहे. २०१४ साली घेतलेला, चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बोलायला उभी राहिले तेव्हाच मी त्याचं बटण दाबलं. स्क्रीनवर अजून गोल फिरतोय. फिरू दे, आपल्याला त्याची गरज आहे.

घरी गेल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने दिसतील. कॉम्प्युटर अडला असेल, माऊस हलतोय पण काहीच उघडत नाही, नेमक्या त्या वेळी यातला कुठला आकडा शंभराला टेकलाय ते बघा. जुन्या घरगुती मशीनवर बहुतेक वेळा डिस्क शंभर टक्के दिसते आणि शेजारी सीपीयू दहा-बारा टक्क्यांवर असतो. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून वाट बघतोय. आणि आपण दुकानात जाऊन सांगतो, प्रोसेसर जुना झाला, नवीन मशीन दाखवा.

वाट कशाची बघतोय, ते आपण हिशोबानंच बघू. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली. कपाटाएवढी मोठी, पन्नास चकत्या आणि साठवण जेमतेम पावणेचार एमबीची. आज ती तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे : चकती गरगर फिरते, वाचणारा दांडा आतबाहेर सरकतो. घरगुती लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहाएक. एका ठिकाणचा एक बारीकसा तुकडा वाचायचा तर सुमारे १५ मिलिसेकंद गेले. सेकंदाला असे साठ-सत्तर तुकडे.

आता विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल उचलत नाही, हजारो बारीक तुकडे इथून तिथून गोळा करते. समजा वीस हजार तुकडे आहेत. सेकंदाला ६५ नं भागा. तीनशे सेकंदांच्या वर गेलं, म्हणजे पाच मिनिटं. हे सांगताना मला नेहमी वाटतं, त्या डिस्कला दोष देण्यात काही अर्थ नाही. ती तिच्या ताकदीनं पळतेच आहे. एसएसडी ही हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नव्या प्रकारची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी तिच्यात असते, आणि तसा एक तुकडा मिळायला मिलिसेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरतो. तेच वीस हजार तुकडे दोन सेकंदांत. प्रत्यक्षात सुरू व्हायला वीसएक सेकंद लागतात, कारण प्रोसेसरलाही त्याचं काम असतं. पण पाच मिनिटं लागत नाहीत.

हे बघा, आत्ता डेस्कटॉप आला. चिन्हं दिसतायत, पण क्लिक करू नका. डिस्क अजून शंभरावर आहे.

तेव्हा माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला हा : टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली डिस्कच्या नावाजवळ एचडीडी, म्हणजे फिरणारी हार्ड डिस्क, असं लिहिलेलं असेल, तर बाकीचे उपाय करत बसू नका, विंडोज एसएसडीवर न्या. अडीच इंची साटा एसएसडी जवळपास प्रत्येक जुन्या डेस्कटॉपला आणि लॅपटॉपला बसते. त्याहून कितीतरी पट वेगाची एनव्हीएमई नावाची दुसऱ्या प्रकारची एसएसडी जुन्या बोर्डावर बऱ्याचदा बसतच नाही, म्हणून विकत घेण्याआधी बोर्डावर तिची जागा आहे का ते पाहा. घरातल्या वापरात साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी यांतला फरक आजीलाही जाणवतो. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, फोटो ठेवायला वापरा. आणि एसएसडीला डिफ्रॅगमेंट करायची, म्हणजे विखुरलेले तुकडे ओळीनं लावायची, गरज नसते. ती सवय सोडा.

आता फॉरमॅटविषयी. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली, ती मी प्रत्येक व्याख्यानात सांगते. एका बाईंनी आईच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून ठेवल्या होत्या, सव्वाशेच्या वर. मशीन स्लो म्हणून माझ्याकडे आलं. मी सगळ्या फाइली नीट काढून घेतल्या, फॉरमॅट केलं, फाइली परत टाकल्या. दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि म्हणाल्या, "यात आईचं काहीच नाही." फाइल उघडली तर रोमन अक्षरं, टिंबं, वेलांट्यांसारखी चिन्हं. ओव्या युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये होत्या, ज्यात रोमन अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरं बसवलेली असायची. फाइल मी वाचवली होती, फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये होता आणि तो गेला. तीन आठवडे शोधल्यावर एका डीटीपी करणाऱ्यांच्या जुन्या मशीनवर तोच फॉन्ट सापडला. बाईंनी फाइल उघडली, पहिली ओवी मोठ्यानं वाचली आणि माझ्या दुकानात खुर्चीवर बसून राहिल्या. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, पण त्यानं ते तीन आठवडे भरून येत नाहीत.

म्हणून फॉरमॅटला देण्याआधी फॉन्टचं फोल्डर, डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड, या चार गोष्टी जपायच्या आहेत, असं लिहून द्या. जुना मराठी मजकूर आताच युनिकोडमध्ये करून ठेवा. हार्ड डिस्क कटकट असा आवाज करत असेल, तर त्या दिवशी वेगाचा विचारच करू नका. आधी डेटा बाहेर काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे पिवळं दिसलं तर बॅकअप आजच. हार्ड डिस्क मरताना बऱ्याचदा आवाज करून सांगते. एसएसडी मात्र अनेकदा न सांगता जाते. वेग मिळाला म्हणून बॅकअपमधून सुटका नाही.

दुसरं एक लहानसं कारण आहे, पण मला ते फार वेळा सापडतं. एक निवृत्त मुख्याध्यापिका रोज रात्री न चुकता शट डाउन करायच्या, आणि मशीन दर आठवड्याला जास्त जड होत जायचं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली अप टाइम दिसतो, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे ते. तिथे तेवीस दिवस होते. त्यांना ते खरं वाटेना. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली, आणि ती चालू असली की शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. साचलेलं तसंच साचलेलं राहतं. रिस्टार्ट मात्र खरोखर नव्यानं सुरू करतो. आठवड्यातून एकदा रिस्टार्ट दाबा. मॅडमचं मशीन तेवढ्यानंच बरंच हलकं झालं.

मेमरीचा, म्हणजे चालू काम ठेवायच्या रॅमचा, आकडा नव्वदच्या वर दिसत असेल तर गोष्ट वेगळी. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. ती डिस्क फिरणारी असेल तर काय होतं, हा हिशोब आपण केलाच आहे. ४ जीबीचे ८ करा, शक्य झालं तर १६. रॅमच्या पट्ट्या बसवायच्या किती जागा रिकाम्या आहेत ते त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली दिसतं. दुकानात जाताना जुनी पट्टी बरोबर न्या, कारण डीडीआर-थ्री या जुन्या पिढीच्या रॅमच्या जागी डीडीआर-फोर बसत नाही, पट्टीवरची खाचच वेगळ्या ठिकाणी असते. स्टार्टअप ॲप्समधली, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप उघडणाऱ्यांतली, नको ती नावं बंद करा, सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका, दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदी साफ करतो म्हणणारं सॉफ्टवेअर, तर टाकूच नका. त्यानं वेग वाढलेला मी एकदाही पाहिला नाही, बिघाड मात्र निस्तरले आहेत.

उन्हाळ्यात तक्रारी वाढतात, त्या उष्णतेच्या असतात. गेल्या मे महिन्यात एका घरी देवघराला लागूनच कॉम्प्युटरचं टेबल होतं. झाकण काढलं तर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये उदबत्तीची काजळी आणि चादरींचे तंतू मिसळून जाड थर बसलेला, बोटानं ओढला तर अख्खा निघून आला, जाजमाच्या तुकड्यासारखा. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. तापमान ९७ अंश. एवढं तापल्यावर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो सकाळी चांगला चालतो, दुपारी अडतो. साफ करून नवी पेस्ट लावली, तापमान ६२ वर आलं. घरी साफ करणार असाल तर प्लग काढा, मऊ ब्रश घ्या आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

एक कळकळीची विनंती. "तुमचा कॉम्प्युटर स्लो आहे, या नंबरवर फोन करा" असं मोठ्या अक्षरात स्क्रीनवर आलं तर फोन करू नका. कुठलीही खरी कंपनी असा फोन करायला सांगत नाही. ब्राउझर बंद होत नसेल तर थेट पॉवरचं बटण दाबून धरा. कोणी स्क्रीन ताब्यात घेऊन पैसे काढलेच, तर लाज वाटून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासात केलेल्या फोनला फार किंमत असते.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे असली चांगली चालणारी मशीन भंगारात निघाली आहेत, आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांना बँक, मेल, यूट्यूब आणि मराठी टायपिंग एवढंच लागतं, त्यांच्यासाठी मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकते. त्याला ४ जीबी रॅम पुरते, मराठी कीबोर्ड त्यातच असतो, ते फुकट आहे आणि सुरक्षेचे अपडेट येत राहतात. टॅलीवर काम करणाऱ्यांनी मात्र विंडोजवरच राहावं. डिजिटल सही वापरणाऱ्यांनी आधी एका जुन्या मशीनवर करून पाहावं आणि मग ठरवावं.

आता हा डबा बंद करते आणि वायर काढते. कार्यालयातला सगळा डेटा परवाच वेगळ्या डिस्कवर घेतला आहे आणि या एसएसडीवर काल रात्री क्लोन करून, म्हणजे हुबेहूब नक्कल करून, आणलाय, फॉन्टसकट. बाजूचं झाकण काढायला मागचे दोन स्क्रू, डिस्कचे चार. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या म्हणजे दिसेल. आणि बटण दाबल्यापासून सेकंद मोजायला मला घड्याळवालं कोणीतरी हवंय.