इशारा जिल्ह्याचा, पाऊस गावाचा

नमस्कार श्रोतेहो. तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला बसणारे कर्मचारी, तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्याशी आज मला विशेष बोलायचे आहे. कारण हवामानाचा इशारा वेधशाळेतून निघाला, तरी तो वाडीवस्तीपर्यंत पोहोचवायचा असतो तो याच मंडळींनी.

भारतीय हवामान विभागाच्या मोजणीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार मानतात. महसूल खाते मात्र पिकांच्या पंचनाम्यासाठी महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यावर ‘अतिवृष्टी’ म्हणते, त्यामुळे दोन खात्यांचे कागद शेजारी ठेवून वाचताना शब्दाकडे न पाहता आकडा पाहावा. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंतचे असतात. पर्जन्यमापकातले पाणी मोजपात्रात ओतून जो आकडा नोंदवहीत उतरतो, तो पाऊस दिवसभर रिपरिपत होता की चार तासांत कोसळला हे सांगत नाही, आणि आपत्ती व्यवस्थापनात खरा प्रश्न तोच असतो.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, शंभर मिलिमीटरही झाला नाही. त्यातला बहुतेक पाऊस दुपारनंतरच्या काही तासांत पडला आणि नेमकी त्याच दुपारी समुद्राला भरती होती, त्यामुळे मिठी नदीचे पाणी बाहेर पडायला वाट उरली नाही. म्हणून पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा हाती आला, की त्यातला रंग जिल्ह्याचा आहे हे लक्षात घेऊन आपण आपल्या गावाचे तीन प्रश्न विचारावेत: भरती किती वाजता आहे, वरच्या धरणातून विसर्ग कधी होणार आहे आणि डोंगराच्या पायथ्याशी किती घरे आहेत. नारिंगी रंगाचा अर्थ ‘सज्ज राहा’ असा आहे. लाल इशाऱ्याची वाट पाहत त्यावर सही करून फाइल बंद करणे, असा नव्हे.

डोंगराबाबत अधिक सावध राहावे लागते. २०१४ साली माळीण, २०२१ साली महाड तालुक्यातील तळीये आणि २०२३ साली इर्शाळवाडी या तिन्ही ठिकाणी दरड कोसळली ती जुलैत, पावसाने डोंगर भिजून जड झालेला असताना. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, ही चिन्हे पहिल्यांदा गुराख्याला किंवा पाणवठ्यावर गेलेल्या बाईला दिसतात. त्यांनी कोणाला कळवायचे हे मे महिन्यातच ठरलेले असावे आणि त्यांचे म्हणणे ऐकून रात्रीच्या आत घरे रिकामी करवण्याची तयारी तलाठ्याची असावी. अंधारात, चिखलातून म्हाताऱ्या माणसांना हलवणे किती अवघड असते, ते एकदा केलेल्यालाच ठाऊक!

विजेचा धोका मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्याआधीच सुरू होतो. गडगडाट ऐकू आला, याचा अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. मजुरांनी झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

वादळाची पूर्वसूचना तुलनेने लवकर मिळते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी हलवलेली होती. पण नंतर श्रीवर्धनकडे विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे बंद झाले आणि भ्रमणध्वनीवर आखलेले संपर्काचे नियोजन तिथेच थांबले. तेव्हा नियंत्रण कक्षात बिनतारी संच, जनरेटरसाठी डिझेल, रस्त्यावरची झाडे कापायला करवत आणि गावोगावच्या पोलीस पाटलांची नावे भिंतीवर कागदावर लिहिलेली असावीत. ती यादी गेल्या वर्षीची आहे का, हे आज संध्याकाळीच पाहून घ्या. नमस्कार.